इंजिन उतरवले तेव्हा

आमच्या घरी गाडी आहे असे वर्गात सांगितले की मित्र पहिला प्रश्न विचारतात, "कोणती?" "फियाट" म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो, "चालते का?" या दुसऱ्या प्रश्नाला मी पावणेदोन वर्षे "नाही" एवढेच उत्तर देत आलो. का चालत नाही ते मात्र कोणाला सांगितले नाही. ते आज या अंकात लिहीत आहे. आजोबांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांना विचारूनच लिहीत आहे.

धारवाडच्या सुभाष रोडवर अण्णांचे घड्याळांचे लहानसे दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर आणि घरामागे हित्तल. मराठीत याला परसू म्हणतात हे मला पाठ्यपुस्तकात कळले. आमच्या घरी आजीसुद्धा हित्तलच म्हणते. सुभाष रोड म्हणजे बाजाराचा रस्ता. भाजीवाल्या, कापडाची दुकाने, भांडी, फुले, आणि या सर्वांतून वाट काढणाऱ्या स्कूटरी. याच रस्त्यावर माडीवर मनोहर ग्रंथमालेचे 'अट्ट' आहे. १९३३ साली सुरू झालेल्या या ग्रंथमालेने गिरीश कार्नाडांचे 'ययाति' प्रसिद्ध केले. त्या जिन्याने चढणारे-उतरणारे लेखक अण्णांनी पाहिलेले आहेत. आमच्या पिढीने त्या रस्त्यावर मुख्यतः गर्दी पाहिली.

अण्णांनी उमेदीच्या काळात एच. एम. टी. ची घड्याळे विकली आणि साऱ्या जगाची दुरुस्त केली. १९७९ साली, पस्तिशीत, त्यांनी एका कंत्राटदाराकडून जुनी फियाट घेतली. ती फियाट ११०० डिलाइट, १९६८ सालची. तिच्या नंबराची सुरुवात 'एम. वाय.' या अक्षरांनी होते, कारण ती रस्त्यावर आली तेव्हा आपल्या राज्याचे नाव म्हैसूर होते. कर्नाटक हे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी आले. गाडीचे मूळ इटलीतले, पण जन्म मुंबईचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. पुढे हीच गाडी थोड्याफार फरकाने प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. त्या काळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे जुन्या गाडीलाही घरात जावयाचा मान असे. बाबांच्या लग्नाची वरात याच गाडीतून निघाली आणि मला दवाखान्यातून घरी आणले तेही याच गाडीतून.

आता मूळ गोष्ट. २०२३ चा फेब्रुवारी महिना. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि खिशात नवे कोरे लायसन्स होते. अण्णांनी स्वतः मला गाडी शिकवली होती. स्टिअरिंगखालचा तो दांड्याचा गिअर हाताला बसायला महिना लागला. पण एकट्याने बाहेर न्यायची परवानगी नव्हती. एका रात्री तीन मित्र म्हणाले, "कित्तूरपर्यंत जाऊन येऊ. तीसेक किलोमीटर तर आहे." अण्णा झोपले होते. किल्ली भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाखाली खिळ्याला असते. मी ती काढली, गाडी बोळातून ढकलत बाहेर काढली आणि आम्ही निघालो.

जाताना सर्व ठीक होते. परतताना तेगूर मागे पडले आणि समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला. एक मित्र म्हणाला, "बॅटरी चार्ज होत नसेल. घरी जाऊन बघू." मलाही ते पटले, किंबहुना पटवून घेतले. अण्णांनी मला शिकवताना एक गोष्ट तीनदा सांगितली होती. या गाडीत एकच रबरी पट्टा डायनॅमो, पंखा आणि पाण्याचा पंप ही तिन्ही चाके फिरवतो. तेव्हा लाल दिवा लागला तर तो नुसता बॅटरीचा निरोप समजू नये. पट्टा तुटला असेल तर पाणीही फिरत नाही. गाडी थांबवून खाली उतरावे. हे सर्व मला पाठ होते. तरीही मी थांबलो नाही, कारण थांबलो तर उशीर होईल आणि उशीर झाला तर अण्णा उठतील, ही भीती लाल दिव्यापेक्षा मोठी होती.

नरेंद्र गावाजवळ करपल्यासारखा वास आला, इंजिन ठोके देऊ लागले आणि गाडी थांबली. बॉनेट उघडले तर वाफ. पट्टा तुटून खाली लोंबत होता. आम्ही तासभर थांबलो, जवळच्या बाटल्यांतले पाणी ओतले आणि पुन्हा गाडी सुरू केली. ती सुरू झाली हेच वाईट झाले. उरलेले सात-आठ किलोमीटर खडखडत, धापा टाकत आम्ही आलो. बोळाच्या तोंडाशी इंजिन बंद केले आणि आवाज होऊ नये म्हणून गाडी ढकलत हित्तलात नेली. किल्ली खिळ्याला लावली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी हुबळीला जाऊन नवा पट्टा आणला. धारवाडात घेतला असता तर दुकानदाराने अण्णांना सांगितले असते. दुपारी अण्णा दुकानात असताना तो बसवला, पाणी भरले आणि किल्ली फिरवली. इंजिन हलले नाही. पुढून हँडल घालून पाहिले. तेही फिरले नाही. संध्याकाळी मी अण्णांना म्हणालो, "गाडी स्टार्ट होत नाही." ते एका घड्याळाच्या पोटात डोके घालून बसले होते. डोळ्यावरचे भिंग न काढता ते म्हणाले, "असू दे. जुनी झाली."

तेव्हापासून गाडीवर ताडपत्री पडली.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वर्तमानपत्रात एक बातमी आली. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा; ती संपली, आणि ३० तारखेपासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतरीत्या गेली. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली. मग म्हणाले, "त्यांच्या संपल्या. आपली एकदा उघडून तरी बघू." माझ्या पोटात गोळा आला. इंजिन उघडले की आत काय दिसेल हे मला ठाऊक होते.

पण सुदैवाने, म्हणजे तेव्हा वाटलेल्या सुदैवाने, अशा गाड्यांचे काम जाणणारा मेस्त्री मिळेना. नव्या गॅरेजातील मुले गाडीला संगणक लावून दोष शोधतात. या गाडीला तो लावायचा कुठे? अखेर वर्षाने एक वयस्कर मेस्त्री मिळाले आणि २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत काम ठरले. मदतीला मेस्त्रींचा एक पोरगा, मी आणि पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ.

इंजिन उतरवणे म्हणजे ते साखळीने ओढून काढणे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दीड दिवस सोडवण्यात गेला आणि ओढायला अर्धा तास लागला. आधी बॅटरीची तार सोडली. मग रेडिएटरची तोटी उघडली; त्यातून काढ्याच्या रंगाचे थोडे पाणी निघाले. इंजिनचे ऑइल पातेल्यात काढले. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती मेस्त्रींनी खडूने रेषा मारल्या, म्हणजे परत बसवताना ते तिरके बसू नये, आणि मग बॉनेट उचलून भिंतीला टेकवले. रेडिएटर निघाला. पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात लाकडी खुंटी मारली. कार्ब्युरेटर, डायनॅमो, स्टार्टर एकामागून एक खाली आले.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. घड्याळ दुरुस्तीला आले की त्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधतात, तशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी दुकानातून आणला होता. प्रत्येक तार सुटली की तिला चिठ्ठी. कॉइलची, डायनॅमोची, दिव्यांची. बोल्ट मात्र त्यांनी मला लावायला सांगितले. जुन्या पुठ्ठ्यावर इंजिनचे चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचायचा. "घड्याळात चार स्क्रू सारखे दिसतात," ते म्हणाले, "पण एक केसभर लांब असतो. तो चुकीच्या भोकात गेला की खालचे चाक अडते. उघडणारे पुष्कळ असतात. ज्याला परत लावायचे असते तो उघडतानाच लक्षात ठेवतो."

सर्वांत जास्त वेळ सायलेन्सरच्या पाइपने घेतला. त्याचे नट इतके गंजले होते की पाना फिरवला तर बोल्टच मोडायचा. मेस्त्रींनी रात्रभर त्यांवर रॉकेल आणि ऑइल मुरवले, सकाळी ज्योतीने तापवले आणि हातोडीने हलके ठोकले. नट तापला की किंचित फुगतो आणि गंजाची पकड सुटते. प्रसरणाचा हा धडा मी पदार्थविज्ञानात गुणांसाठी वाचला होता. तो कामाचा असतो हे पन्नाशीपुढच्या मेस्त्रींनी दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरा प्रसंग आला. आतेभावाचे म्हणणे, साखळीची कप्पी समोरच्या आंब्याच्या फांदीला टांगावी. मेस्त्रींनी फांदीकडे पाहून मान हलवली. आंब्याचे लाकूड वरून जाड दिसते आणि न सांगता मोडते. त्यांनी तीन लोखंडी पाइपांची तिवई उभी केली आणि चेनकप्पी तिला टांगली. गिअरबॉक्सखाली जॅक लावला, तो इंजिनला जोडणारे बोल्ट काढले, दोन बाजूंचे रबरी पाय सोडले आणि इंजिनभोवती साखळी आवळली. एक भरलेले ज्वारीचे पोते आणि वर थोडे, असे वजन मेस्त्रींनी सांगितले. ते मेस्त्रींचा सडपातळ पोरगा एका हाताने उचलू लागला. हातभर साखळी ओढली तर इंजिन जेमतेम नखभर वर येई. जितके बळ वाचते तितके अंतर जास्त ओढावे लागते. फुकट काही मिळत नाही.

इंजिन सरळ वर येत नाही. त्याच्या मागच्या टोकाला क्लचची तबकडी असते आणि गिअरबॉक्सचा दांडा तिच्यात घुसलेला असतो. म्हणून आधी इंजिन पुढे सरकवायचे, दांडा मोकळा झाला की मग नाक वर करून उचलायचे. "हगूर, हगूर," मेस्त्री म्हणत होते. मी एका बाजूला, आतेभाऊ दुसऱ्या बाजूला. दांडा सुटला. "बंत, बंत!" इंजिन अधांतरी झाले. मेस्त्रींनी हात वर केला आणि ओरडले, "आत! आत!"

कन्नडात याचा अर्थ 'झाले, पुरे'. आतेभावाने पुणेरी मराठीत ऐकले आणि होती नव्हती तेवढी शक्ती लावून इंजिन आत ढकलले. ते मागच्या पत्र्यावर दाणकन आदळले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पत्र्याला पडलेला तो खळगा आजही आहे. आमच्या घरी आता कोणी 'आत' म्हटले की "मराठीत की कन्नडात?" असे विचारायची पद्धत पडली आहे.

इंजिन लाकडी फळ्यांवर उतरले. आजीने गिरमिट आणि मिरची भजी आणली. सगळे हसत होते, मी मात्र इंजिनकडे पाहत होतो. गाडीतून बाहेर काढलेले इंजिन अगदीच लहान दिसते. १०८९ सी. सी., चार सिलिंडर. आमचे सबंध घर वाहून नेणारे ते हेच, यावर विश्वास बसत नाही. चहा पिता पिता मेस्त्रींनी पुढचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. "होस पट्टा," ते म्हणाले. इंजिन पन्नास वर्षांचे आणि पट्ट्यावर एक ओरखडा नाही. अण्णा काही बोलले नाहीत.

मग हेडचे नट निघाले. या इंजिनचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. पाणी फिरत असते तोवर दोघांचा संसार चालतो. पाणी थांबले की हेड वाकते. मेस्त्रींनी हेड उचलले, त्याच्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून येणारा उजेड मला दाखवला. मधल्या दोन सिलिंडरांमध्ये गॅसकेट जळून काळी झाली होती. एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते आणि त्यातला पिस्टन जागीच चिकटला होता.

"नीरिल्द ओडिस्यार्री," मेस्त्री म्हणाले. पाण्याशिवाय चालवली आहे. मग त्यांनी मान वर करून विचारले, "यारु ओडिसिद्रु?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "नान." मीच. आणि पुढे जोडले, "वय झालं. दिवा दिसला नाही."

मेस्त्रींनी "अज्जार" म्हणून समजुतीने मान डोलावली. विषय संपला. मी हातातल्या फडक्याने तोच एक बोल्ट पुसत राहिलो. अण्णांनी आयुष्यात दुसऱ्याच्या नजरेत कधी कामात चूक पत्करली नाही. सेकंदाच्या काट्याचा फरक त्यांना ऐकू येतो. त्या माणसाने परक्यासमोर आपले डोळे गेले असे सांगावे, आणि मी गप्प राहावे? तरी मी गप्प राहिलो. हे लिहिताना हात अडतो, पण झाले ते असे झाले.

रात्री दुकान बंद करताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. कित्तूर, लाल दिवा, बाटल्यांतले पाणी, हुबळीचा पट्टा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग शटर अर्धे ओढून ते स्टुलावर बसले.

"त्या रात्री मी जागाच होतो," ते म्हणाले. "तू झोपल्यावर बाहेर आलो. बॉनेटवर हात ठेवला तर पोळला. चार दिवसांनी उघडून पाहिलं, तर नवा पट्टा."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"गिऱ्हाईक घड्याळ आणतं आणि म्हणतं, आपोआप बंद पडलं. उघडून बघतो तर बॅलन्सचा स्टाफ मोडलेला असतो. तो आपोआप मोडत नाही, घड्याळ पडल्यावर मोडतो. मी त्याला विचारत नाही. दुरुस्त करतो, पैसे घेतो. गिऱ्हाईकाशी आपला संबंध तेवढाच." थोडे थांबून ते म्हणाले, "तू गिऱ्हाईक नाहीस. म्हणून वाट पाहिली. इंजिन उतरायच्या आधी सांगशील असं वाटलं होतं."

यावर मला काही बोलता आले नाही. त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. लाल दिवा पाहून मी तासाभराचा प्रवास चालू ठेवला होता. पण त्याहून लांबचा प्रवास पावणेदोन वर्षे चालू होता, आणि त्यातही दिवा रोज लागलेला होता. दर रविवारी ताडपत्रीवरची पाने झाडताना, "चालते का?" या प्रश्नाला "नाही" म्हणताना, अण्णांनी किल्ली खिळ्यावरून काढून नुसती पुसून परत लावताना, तो मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेस्त्रींना खरे सांगितले. त्यांना विशेष आश्चर्य वाटले नाही. "तम्मा," ते म्हणाले, "अज्जांनी 'नान' म्हटलं तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं होतं." आणि त्यांनी माझ्या हातात खरवडायची पट्टी देऊन ब्लॉकवरची जळकी गॅसकेट साफ करायला बसवले. ते काम मी तीन दिवस करत होतो.

ब्लॉक हुबळीला लेथवर जाऊन सिलिंडर मोठे करून आला आहे. हेड सपाट करून झाले. पुढच्या मापाचे पिस्टन मुंबईहून यायचे आहेत. खर्च अण्णांनी दिला. मी दहावीच्या दोन मुलांची शिकवणी धरली आहे आणि दरमहा त्यांच्या हातात पैसे ठेवतो. ते मोजून घेतात आणि वहीत लिहितात. ते पैसे त्यांनी 'राहू दे' म्हणून परत केले नाहीत, याचे मला बरे वाटते.

हित्तलात आता गाडी आहे, पण तिच्या पुढच्या भागात पोकळी आहे. फळ्यांवर ब्लॉक आहे, भिंतीला बॉनेट आहे, आणि अण्णांच्या दुकानात कपाटावर तो पुठ्ठा आहे; त्यावर एकेक बोल्ट आपापल्या भोकात उभा आहे. मित्र अजून विचारतात, "चालते का?" "अजून नाही," मी म्हणतो. आणि का नाही, तेही सांगतो.